उथळ बाजूच्या फळीची शिसारी

मित्रांनो, आधी नाक धरा, मगच जवळ या. मी पोहायला शिकणाऱ्यांची एक जुनी फळी आहे. नवशिकी माणसं छातीशी धरून जिच्या जिवावर तरंगतात आणि मागे पाय झाडत राहतात, ती. कधीकाळी माझा रंग निळा होता. आज मी ज्या रंगाची आहे, त्या रंगाला चांगल्या घरात नाव नाही. माझे दोन कोपरे पोरांनी चावून खाल्ले आहेत, पाठीवर शेवाळाचा बुळबुळीत थर आहे आणि पोटाला कोणाच्या तरी जखमेवरची पट्टी चिकटून बसली आहे. ती कोणाची, हे मला विचारू नका. मलाही ते जाणून घ्यायचं नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. आम्ही झिजलो, तुम्ही सुखी राहा, वगैरे. मला ते जमणार नाही. ज्या पाण्यात माझं आयुष्य गेलं त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या तोंडी साखर कुठून येणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गादीएवढा जाड फोमचा पाटा यंत्राखाली सरकला, वरून लोखंडी साचा धपकन पडला आणि मी बाहेर आले. माझ्या कडेने उरलेल्या तुकड्यांच्या चपला झाल्या. त्यांच्याकडे बघून मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, यांच्या नशिबी लोकांचे पाय, माझ्या नशिबी स्वच्छ निळं पाणी! आज वाटतं, चपला सुखी. निदान त्यांना कोणी चावत नाही.

तलावावर आले तेव्हा नव्याचे नऊ दिवस माझं फार कौतुक झालं. मुलं माझ्यासाठी भांडायची. ‘निळी माझी, निळी माझी’ असं ओरडत रांगेत ढकलाढकली करायची. मग कळलं, मुलं ज्याच्यावर प्रेम करतात त्याला ती आधी चावून बघतात. नाक गळलं की पुसायला जवळ मीच असे. आणि पाण्यात उतरल्यावर मध्येच एखादं मूल एकदम शांत होतं, डोळे अर्धे मिटतं, आजूबाजूचं पाणी किंचित कोमट होतं. मित्रांनो, त्या कोमटपणाइतकी शिसारी मला जगात दुसऱ्या कशाचीच येत नाही. मोठी माणसं तसं करत नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या.

वर्ग संपला की आम्हा सगळ्या फळ्यांना एका उंच प्लास्टिकच्या पिंपात कोंबत. ओल्या, एकावर एक, मध्ये एखादी विसरलेली टोपी. सुकवायचं कोणाच्या मनातही येत नसे. वरची फळी सुकायची, खालची सडायची. मी बहुतेक वेळा खाली असे.

पण पाण्याच्या घाणीची सवय होते. ज्या घाणीची सवय झाली नाही, ती काठावर उभी असे. आमच्या तलावावर पोहायला शिकवणारा एक मास्तर होता. त्याला सगळे टाळीमास्तर म्हणत. हा गृहस्थ स्वतः कधी पाण्यात उतरला नाही. कोरडी चड्डी, कोरडा बनियन, गळ्यात शिट्टी, केस व्यवस्थित बसवलेले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तुम्हाला पाहायचा असेल तर असाच दिसतो. पाय कसे मारायचे, श्वास कसा सोडायचा, हे तो दोन वाक्यांत आटपायचा. उरलेला वेळ ओरडायचा. ‘पाणी घाबरवत नाही, मन घाबरवतं! टाळ्या!’ आणि सगळे ओले लोक ओल्या हातांनी टाळ्या वाजवायचे. तो चपचप आवाज मला आजही मळमळवतो.

त्याची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की आधी त्याला खोल बाजूच्या काठावर उभं करायचा. फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावायचा आणि तुमचं ध्येय काय ते मोठ्याने सांगा म्हणायचा. माणूस लाजत लाजत सांगायचा. मग टाळ्या. मग फोटो चांगला यावा म्हणून त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचं. तो निथळता, हसरा फोटो दाराशेजारच्या भिंतीवर लागायचा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: आमचे विजेते.

‘अहो मास्तर, पण मी अजून पाण्यात पायसुद्धा घातला नाही,’ असं कोणी म्हटलं तर मास्तर डोळे मिटून सांगायचा, ‘विजेता आधी मनात व्हावं लागतं. देह मागून येतो.’

देह मागून येत नसे. मी त्या भिंतीवरचे चेहरे ओळखत होते. सगळ्यांच्या डोक्यावर मीच तर होते! निम्मे लोक पुढच्या आठवड्यात दिसेनासे व्हायचे. त्यांना येण्याचं कारणच उरायचं नाही. टाळ्या मिळाल्या, फोटो झाला, घरी कौतुक झालं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवून तृप्त झालेली माणसं. मला त्या भिंतीचा वीट आला होता.

तर अशा त्या तलावावर एक बाई वर्षानुवर्षं येत असे. पोहायला नव्हे, बाकावर बसायला. तलावासमोर एक मोठं इस्पितळ होतं, तिथे ती लिफ्ट चालवायची. म्हणून तिला सगळे लिफ्टबाई म्हणत. दिवसभर स्टुलावर बसून लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं, आणि संध्याकाळी जिथे बसली तिथूनच उठायचं, अशी तिची नोकरी. आधी ती मुलाला घेऊन यायची, पुढे नातीला. टॉवेल धरायची, चपला सांभाळायची, भिजलेले कपडे पिळायची. तिच्या शेजारी तिची मोठी बहीण बसायची. लिफ्टबाई तिला ताई म्हणायची. ही ताई जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरायची आणि प्रत्येक गोष्टीवर बोलायची.

एकदा नात पाण्यातून बाहेर आली आणि टॉवेलात तोंड पुसत म्हणाली, ‘आजी, त्या टोकाला पाणी किती गार असतं! आणि खाली बघितलं ना, तर तळच दिसत नाही. तू कधी बघितलंच नाहीस ना?’

लिफ्टबाईने त्या टोकाकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्या बाकावर बसली होती, पण तिथलं पाणी तिच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. थोड्या दिवसांनी ती ताईला म्हणाली, ‘मला पोहायला शिकायचंय. या काठापासून त्या काठापर्यंत. कशालाही न धरता.’

‘या वयात? हाडं मोडून घेशील.’

‘पाण्यात हाडं मोडत नाहीत, ताई.’

‘मग बुडशील!’

‘हां, ते होऊ शकतं.’

‘आणि कशासाठी गं? कोण देणारे तुला बक्षीस?’

‘कोणी नाही. मला बघायचंय तिकडे कसं वाटतं ते.’

मित्रांनो, मी पुष्कळांची ध्येयं डोक्यावर बसून ऐकली होती. वजन कमी करायचं, मेव्हण्याला हरवायचं, ऑफिसात मिरवायचं. ‘तिकडे कसं वाटतं ते बघायचंय’ हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ती बाई आवडली. आवडली म्हणजे तिचा कंटाळा आला नाही, एवढंच म्हणते. माझ्या बाबतीत ते फार झालं.

पण ती मास्तरच्या तावडीत सापडलीच. तिलाही काठावर उभं केलं. मी तिच्या डोक्यावर. खाली तिचे केस भीतीने घामेजलेले. ‘मला हा तलाव पार करायचा आहे,’ ती पुटपुटली. ‘मोठ्याने!’ मास्तर ओरडला. ती ओरडली. टाळ्या, बादली, फोटो. भिंतीवर जागा.

फोटो तिच्या मुलाने पाहिला आणि सगळ्या नातेवाइकांना फोनवरून पाठवला. खोल बाजू, निथळती आजी, वर ‘आमचे विजेते’. याचा अर्थ कोणीही काय लावेल? आजीने तलाव पार केला! अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. इस्पितळातही बातमी गेली. लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण म्हणू लागला, ‘वा बाई, कमाल केलीत!’

आता तुम्ही म्हणाल, तलावातल्या फळीला इस्पितळातलं कसं कळलं? पाण्यात माणसं फळीला सगळं सांगतात. हनुवटी माझ्यावर टेकलेली, जीव मुठीत धरलेला, अशा वेळी तोंडातून काय काय निघतं म्हणून सांगू! लिफ्टबाई मला धरून उथळ पाण्यात पाय मारायची आणि धापा टाकत सांगायची. सुरुवातीला ती खरं सांगायला जायची. ‘अहो नाही, तो फोटो पहिल्या दिवशीचा, मला अजून...’ एवढ्यात तिसरा मजला यायचा, दार उघडायचं, माणूस हसून बाहेर. पुढचा आत. ‘अभिनंदन!’ ‘अहो, ऐका तरी...’ की आला दुसरा मजला. लिफ्टमध्ये कोणाचंच वाक्य पुरं होत नाही. काही दिवसांनी तिने वाक्य सुरू करणंच सोडलं. आणखी काही दिवसांनी ती नुसती हसू लागली. मग एक दिवस मोठे डॉक्टर तिचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘आम्ही तुमच्याकडून शिकायला हवं.’ आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मनात असलं की होतं, साहेब.’

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती खुशीत होती. मला ओकारी यायला तोंड नाही म्हणून, नाहीतर तिथेच आली असती. ते वाक्य तिचं नव्हतं, ते टाळीमास्तरचं होतं. लोकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि ती वरून खाली बघत पाय हलवत बसली होती.

त्यानंतर ती येईनाशी झाली. साहजिकच आहे! जे मिळवायला पोहायचं, ते न पोहता मिळालं होतं. मी पिंपात सगळ्यांत खाली गेले. माझ्या अंगावर कोणाची तरी रबरी टोपी पडली होती, तिच्या आत केस होते. शेवाळाने मला पहिल्यांदा तेव्हाच धरलं. पिंप उपसायची कोणाला घाई नव्हती. जगात कोणी कोणाचं नसतं, हा विचार मी त्या काळात पुष्कळदा केला आणि दर वेळी तो मला बरोबर वाटला.

मग एकदा मुलांच्या मोठ्या वर्गासाठी पिंप उलटं केलं गेलं आणि मी घसरत जाऊन बाकाखाली पडले. वर लिफ्टबाई आणि ताई बसल्या होत्या. नातीचा वर्ग होता. लिफ्टबाईच्या मांडीवर टॉवेल होता.

‘जेवत का नाहीस हल्ली?’ ताईने विचारलं. ‘सूनबाई सांगत होती.’

‘मळमळतं.’

‘पित्त झालं असेल.’

‘पित्त नाही, ताई. एक बाई येते लिफ्टमध्ये. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. पोस्टात काम करते. व्यायामाच्या खोलीत जायला रोज चाकाच्या खुर्चीतून येते. तिने मला विचारलं, तुम्ही एवढ्या पाण्याची भीती कशी घालवलीत?’

‘मग?’

‘मी सांगितलं. भीती पाण्यात नसते, मनात असते. जिंकल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळं टाळीमास्तरचं. ती ऐकत होती गं! दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्याकडे बघून आज चार पावलं टाकली. काल म्हणाली, रात्री दुखतं तेव्हा मी तुमचा फोटो आठवते.’ लिफ्टबाईने टॉवेल पिळला. टॉवेल कोरडा होता. ‘माझा फोटो! बादलीने भिजवलेला!’

‘अगं, तिचं भलंच झालं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प बस.’

‘मूठ झाकलेली आहे, ताई. पण आत काय सडतंय ते मला वासावरून कळतंय ना. कोणी वा म्हटलं की मला शिळं खाल्ल्यासारखं होतं. मला माझीच शिसारी आलीये.’

मित्रांनो, मी बाकाखाली पडले होते, माझ्यावर कोणाचा तरी पाय होता, पण ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या तलावावर स्वच्छ म्हणावं असं तेच एक वाक्य ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, ते तिने नंतर ताईला सांगितलं आणि ताईने ते बाकावरच्या सगळ्यांना. गुडघेवाली लिफ्टमध्ये आली, सोबत तिची खुर्ची ढकलणारी नर्स. दार लागलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आली आणि लिफ्टबाईने बटण दाबून ती थांबवली. वाक्य पुरं करायला दुसरा उपाय नव्हता.

‘मला पोहता येत नाही,’ ती म्हणाली. ‘कधीच आलेलं नाही. तो फोटो पहिल्या दिवशीचा आहे. अंगावरचं पाणी बादलीतलं आहे. मी तुम्हाला जे सांगितलं ते एका माणसाचं ऐकून सांगितलं आणि तो माणूसही पाण्यात उतरत नाही.’

नर्स घाबरून वर दिव्याकडे बघू लागली.  गुडघेवालीचा आवाज चढला.

‘हे सांगायला लिफ्ट थांबवलीत? मी रात्र रात्र तुमचा चेहरा आठवते आणि तुम्ही... सुरू करा ती लिफ्ट! मला बाहेर जाऊ द्या!’

त्या दिवसापासून ती लिफ्टने यायची बंद झाली. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईचा हात धरून, कठड्याला लटकत, दातओठ खात ती एकेक पायरी करत जिना चढू लागली. म्हणे त्या बाईच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवणार नाही. गुडघा मात्र रागावर झकास सुधारला, असं ऐकते.

लिफ्टबाईचं काय झालं? वरिष्ठांनी झापलं, ते वेगळंच. पण बातमी जशी चढली होती तशीच उतरली, मजल्या-मजल्यावर. ‘काय बाई, आज कुठला समुद्र पार केलात?’ असं विचारून लोक हसायचे आणि मजला येताच बाहेर पडायचे. मोठे डॉक्टर तिच्याकडे न बघता बटणांकडे बघू लागले. घरी मुलगा म्हणाला, ‘आई, आम्हाला तरी आधी सांगायचंस. आता सगळ्यांना काय तोंड दाखवू?’ ज्यांनी काही न करता तिचं कौतुक केलं होतं, त्यांनी काही न करता तिची चेष्टा केली. मला दोन्हींची सारखीच किळस येते.

ती तलावावर आली आणि भिंतीवरचा आपला फोटो नखांनी खरवडून काढू लागली. टाळीमास्तर धावत आला.

‘हे काय करताय? मनाने तर तुम्ही जिंकलाच होता!’

‘मनाने मी रोज विमान चालवते, मास्तर,’ ती म्हणाली. ‘मला पाय मारायला शिकवता का? नसेल शिकवायचं तर बाजूला व्हा.’

मास्तर बाजूला झाला. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

आता तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. टाळ्या तर गेल्याच होत्या, आणि ज्यांना दाखवून द्यायचं ते हसून मोकळे झाले होते. तलाव पार केला असता तरी कोणी विश्वास ठेवला नसता. मी पिंपात पडल्या पडल्या पैज लावली होती की ही आता दिसत नाही. पैज मी माझ्याशीच लावली आणि हरले.

ती दुपारी, जेवणाच्या सुट्टीत यायची. सकाळच्या गर्दीचा मळ तेव्हा पाण्यावर जमलेला असे आणि जाळीने तो काढणारा माणूस संध्याकाळी येई. म्हणजे तलाव सगळ्यांत रिकामा आणि सगळ्यांत घाणेरडा असायची ती वेळ. बाकावर ताई, ती बहुधा पेंगत. लिफ्टबाई काही उत्साहाने सळसळत यायची नाही. कुरकुरत यायची. बाकावर बसून स्वतःशीच बोलायची, ‘नको वाटतंय? वाटू दे. नुसते कपडे बदल.’ कपडे बदलून झाले की, ‘बरं, नुसते पाय बुडव.’ पाय बुडवून झाले की, ‘एवढं आलीस तर डोकं घाल खाली.’ लिफ्टमध्ये सर्वांत वरच्या मजल्याचं बटण एकदम दाबता येतं. माणसाला तशी बटणं नसतात, हे तिला आता कळलं होतं. म्हणून ती स्वतःला एकेक मजलाच सांगायची आणि पुढचा मजला विचारायची नाही.

ती पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायला शिकली. पाणी नाकात गेलं की खोकायची, थुंकायची, ‘शी! काय घाण आहे ही!’ म्हणायची आणि पुन्हा तोंड घालायची. मला हे फार पटलं. घाणीला घाण म्हणून पुढे जाणारं माणूस बरं. घाणीला सुगंध म्हणणाऱ्यांनी ती भिंत भरली होती.

पण तलावाच्या मध्यावर, जिथे तळाच्या फरश्या एकदम उतरायला लागतात आणि पाणी काळसर होतं, तिथे ती अडली. तिथवर मला धरून मजेत यायची. तळ दिसेनासा झाला की तिची बोटं माझ्यात रुतायची. तिच्या नखांच्या खुणा माझ्या अंगावर अजून आहेत. उलटी वळायची, उथळ बाजूला जायची, परत यायची, परत वळायची. आठवडेच्या आठवडे हेच. एकदा काठाला धरून रडलीसुद्धा.

तेव्हा मला माझीही शिसारी आली. खरंच सांगते. मी आधार, मी सहारा, असा माझा तोरा होता. पण जितकी माणसं माझ्यावर तरंगायला शिकली, त्यातली कितीतरी जन्मभर माझ्यावरच राहिली. मी त्यांना बुडू दिलं नाही आणि पोहूही दिलं नाही. मला तोंड असतं तर ओरडले असते, बाई, सोड मला! पण फळीला ना तोंड, ना हात. धरणाऱ्यालाच सोडावं लागतं.

ज्या दिवशी ते घडलं तो काही खास दिवस नव्हता. ती वैतागलेलीच आली होती. कोणीतरी लिफ्टमध्ये पुन्हा समुद्राची चेष्टा केली होती. मला पुढे धरून ती मध्यावर आली, तळ काळा झाला, बोटं रुतली. तेवढ्यात पाण्यावरून केसांचा एक गुंता, कोणाचे कोण जाणे, तरंगत थेट तिच्या ओठांशी आला. ‘शी!’ करून तिने दोन्ही हातांनी तो झटकला.

दोन्ही हातांनी, मित्रांनो. मी सुटले. हातभर दूर सरकले.

ती खाली गेली नाही. पाय आपोआप मारले जात होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जवळच होते, हात लांब केला असता तर मिळाले असते. गुंता झटकणं ही झाली किळस, तिच्यात काय मोठं? पण पुढचा तो क्षण तिचा होता. तिने श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं आणि मला सोडून खोल बाजूकडे निघाली.

सुंदर दिसत होतं, असं मी म्हणणार नाही. हात वाकडे पडत होते, पाणी भलतीकडे उडत होतं, मान प्रत्येक श्वासाला अशी बाहेर यायची की जणू कोणी बोचक्यातून डोकं काढतंय. पण ती जात होती. मध्येच एकदा थबकली, तेव्हा माझा फोम आतून आक्रसला. तिने खाली पाहिलं असावं. तळ नव्हता. मग पुन्हा पाय हलले आणि तिचा हात पलीकडच्या काठाला लागला.

ती तिथे लोंबकळत खोकली, थुंकली, नाक शिंकरलं. तेही पाण्यातच. असो. टाळीमास्तर कार्यालयात फोनवर होता. ताई बाकावर पेंगत होती, तिला खोकल्याने जाग आली.

‘अगं! तू तिकडे कशी? काठाने चालत गेलीस?’

‘पाण्यातून.’

‘आणि फळी?’

‘ती बघ तिकडे.’

ताई ताडकन उठली. ‘अरे देवा, मी बघितलंच नाही! थांब, थांब, फोन काढते. परत करून दाखव. सगळ्यांच्या तोंडावर मारू!’

‘दाखवायला नाही जमणार, ताई.’

‘का गं? दमलीस?’

‘नाही. इकडे पाणी खरंच गार आहे.’ तिने ओलं तोंड हाताने पुसलं. ‘मी परत येणार आहे. पण ते मला यायचंय म्हणून.’

आणि ताई पिशवीत फोन शोधत असताना तिने काठाला पाय लावला आणि निघाली. माझ्या बाजूने गेली. तिचा हात मला लागून मी गोल फिरले. तिने वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, आता मी तुम्हाला उपदेश करायला हवा. माझ्यासारख्या वस्तूंची तशी पद्धत असते. तर ऐका. आम्हाला पाण्यातून काढल्यावर चांगल्या पाण्याने धुवा, उन्हात उभं करून सुकवा, पिंपात कोंबू नका. चावू नका. नाक पुसायला रुमाल वापरा. आणि मला डोक्यावर धरून फोटो काढू नका, माझ्यावर पोहायला शिका.

मात्र त्या दुपारी लिफ्टबाईने मला धुतलं नाही, सुकवलं नाही, पिंपातही टाकलं नाही. दोघी बहिणी भांडत, हसत, ओल्या चपला फटफटवत दाराबाहेर गेल्या आणि मी संध्याकाळपर्यंत त्या घाणेरड्या पाण्यात मधोमध तरंगत राहिले. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ जण विसरले. तेवढी एकच विसरली याचा मला राग आला नाही.